दोनाचे सहा

जपूनराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हतं. खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथंच राहिलं. कामाच्या खोलीतून कुणीही बाहेर पडायला लागलं की हे मान वर न करता म्हणायचे, "जपून हं!" चहाला निघालेल्यालाही जपून आणि स्वतःच्या लग्नाच्या रजेवर निघालेल्यालाही जपून. कुणीतरी चेष्टेनं जपूनराव म्हणून हाक मारली, यांनी ओ दिली आणि ती हाक कायमची चिकटली.

माणूस मुलखाचा भित्रा. ते त्यांनी कधी लपवलंही नाही. एकटे लिफ्टमध्ये चढत नसत. घराला कुलूप लावलं की ओढून बघत, चार पायऱ्या उतरत, पुन्हा वर जाऊन ओढत. बायको खाली रस्त्यावर उभी राहून ओरडायची, "अहो, चोर नाही, तुम्हीच तोडाल ते एक दिवस!" रस्ता ओलांडताना ते तिचा हात धरत, आणि धरतोय ते तिच्या काळजीपोटी, असं दाखवत. तिला सगळं कळत होतं. ती हात देत होती.

अशा माणसाला नोकरी मिळाली ती नेमकी विषाच्या खोलीत.

विषाची खोली म्हणजे एका मोठ्या रुग्णालयाच्या तळमजल्यावरचं विष माहिती केंद्र. दाराबाहेर एक्स-रेसाठी थांबलेल्या लोकांची बाकं, आत तीन टेबलं, तीन फोन आणि कोपऱ्यात काचेच्या दाराआड सर्व्हरची चिंचोळी जागा. कुणी चुकून भलतंसलतं गिळलं, प्यायलं, हुंगलं की घरची माणसं इथं फोन करायची. फोन घेणारी व्यक्ती त्या पदार्थाचं पान पडद्यावर उघडायची आणि वाचून सांगायची: काय करायचं, काय अजिबात करायचं नाही, किती तासांच्या आत रुग्णालय गाठायचं. हजारो पदार्थांची पानं आणि आलेल्या प्रत्येक फोनची नोंद, सगळं त्या एका सर्व्हरवर. तो चालता ठेवणं हे जपूनरावांचं काम.

खोलीत एक नियम होता. पाठ असलं तरी आठवणीवर सांगायचं नाही, पडद्यावर वाचूनच सांगायचं. माणसाची आठवण दगा देते. पडदा देत नाही, असं सगळे धरून चालले होते. जपूनरावसुद्धा.

त्यांना धास्ती होती ती एकाच गोष्टीची: सर्व्हर बंद पडेल. फोन वाजत राहतील, पलीकडे कुणाचं तरी माणूस तडफडत असेल आणि पडदे काळे असतील. हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नसे. म्हणून रोज सकाळी आल्या आल्या ते काचेचं दार उघडून आधी कान लावत. पंख्याचा आवाज नेहमीसारखा आला की मग पिशवी खाली ठेवत.

आणि एक दिवस, भर दुपारी, काहीतरी जळाल्याचा वास आला आणि तो बंद पडलाच.

मशीन जुनंच होतं. आतला मुख्य बोर्ड गेला होता आणि त्याचे सुटे भाग मिळणं केव्हाच थांबलं होतं. बॅकअप, म्हणजे माहितीची वेगळी ठेवलेली प्रत, मात्र शाबूत होता, कारण तो घेण्यात भित्र्या माणसाकडून हयगय होणार नव्हती. केंद्राच्या प्रमुख डॉक्टर, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांनी विचारलं, "नवा सर्व्हर यायला किती दिवस?"

"मंजुरी, मग तीन ठिकाणचे दर, मग मागणी... बाई, दीड-दोन महिने कुठं नाही गेले."

"तोवर काय करायचं आपण?"

कपाटात जाडजूड पुस्तकं होती. त्यात सगळं छापलेलं होतं, पण पान सापडेपर्यंत जीव टांगणीला.  त्या घाईत जपूनरावांनी जे केलं ते कुणीही केलं असतं. ते मेहुण्याच्या दुकानात गेले.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. बसस्थानकामागच्या गल्लीत त्याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. दारातच तारांची भेंडोळी, आत छतापर्यंत रचलेली खोकी. मुलांना खेळायला, दुकानांना बिलं करायला तो मशीन जोडून देई. माणूस दिलदार. भाऊजींचा चेहरा बघूनच तो उठला.

"भाऊजी, आधी बसा. पाणी प्या. हे बघा, हे माझ्याकडचं सगळ्यात तगडं मशीन. तुमच्या त्या जुन्या खटाऱ्याला हे चार वेळा विकत घेईल."

"बंद नाही ना पडणार?"

"हे? भाऊजी, तुम्ही बंद पडाल, हे पडणार नाही."

जपूनरावांनी तेवढंच विचारलं. दुसरं काही विचारायचं त्यांना सुचलंच नाही.

मशीन खरंच बंद पडलं नाही. बॅकअपमधून सगळी माहिती त्यावर चढली आणि पानं कशी चटाचट उघडायला लागली. फोनवरच्या सिस्टर खूश झाल्या. या सिस्टर पूर्वी वॉर्डात परिचारिका होत्या, गुडघे गेल्यावर फोनच्या टेबलाशी आल्या. आवाज असा शांत, की पलीकडचा रडणारा माणूस आपोआप हळू बोलायला लागे. त्या म्हणाल्या, "जपूनराव, मेहुण्याला सांगा, त्याचं भलं होवो." जपूनरावांनी तो निरोप पोचवला. त्या आठवड्यात त्यांना झोपही बरी लागली.

मग तो दिवस आला. सकाळ उलटत चाललेली होती. जपूनराव सिस्टरांच्या टेबलाखाली गुडघ्यांवर बसून एक सैल झालेली वायर नीट बसवत होते. वर फोन वाजला.

"बोला... हो... झाडांच्या मुळांना घालायची पांढरी भुकटी? नाव वाचता का जरा?" कळफलकाचा आवाज. "तुमच्या कामगाराचाच हात तोंडाला लागला ना? बरं. तोंड धुऊन घ्या, ओकारी काढायला लावू नका. आणि सहा तासांच्या आत त्याला..."

सिस्टर थांबल्या. टेबलाखालून जपूनरावांना फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या. त्या हलायच्या थांबल्या.

"काय म्हणालात? पाकिटावर दोन लिहिलंय? मग दोनच धरा. थांबू नका, आत्ता निघा. हो, पाकीट बरोबर घ्या."

फोन ठेवल्याचा आवाज आला. 

"जपूनराव," सिस्टर म्हणाल्या, "बाहेर या."

ते बाहेर आले. सिस्टरांनी बोट पडद्याला लावलं होतं. पडद्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं: सहा तास. दुसऱ्या हातानं त्यांनी कपाटातलं पुस्तक ओढलं, पानं उलटली. पुस्तकात दोन. जपूनरावांनी धावत जाऊन जुन्या बॅकअपमधलं तेच पान उघडलं. तिथंही दोन. आकडा कुणी बदलला, ते मशीन टिपून ठेवत असे. तिथं पाहिलं. मोठ्या बाईंनी चार दिवसांपूर्वी याच पानातलं एक चुकलेलं अक्षर सुधारलं होतं. तासांच्या आकड्याला कुणीही हात लावलेला नव्हता.

कुणी हात न लावता दोनाचे सहा झाले होते.

 ही गोष्ट जपूनरावांनी शिकताना एकदा वाचली होती आणि परीक्षेनंतर विसरून गेले होते. मशीन काम करताना आकडे रॅममध्ये, म्हणजे आपल्या तात्पुरत्या आठवणीत, धरून ठेवतं. तिथं प्रत्येक आकडा म्हणजे बारीक बारीक दिव्यांची ओळ, काही चालू, काही बंद. दोन आणि सहा यांच्या ओळींत फरक फक्त एका दिव्याचा. रॅममधली एखादी जागा बिघडली आणि तो एक दिवा चालूच राहायला लागला, की दोन आत जातो आणि सहा बाहेर येतो. मशीन बंद पडत नाही. कुरकुरत नाही. त्याला कळतच नाही. पान कुणी सुधारून साठवलं, की ते तो सहाही जपून परत लिहून ठेवतं आणि विचारलं की ठणठणीत आवाजात सांगतं, सहा.

"सिस्टर," ते कसेबसे म्हणाले, "या भुकटीबद्दल आधी कुणाचा फोन..."

सिस्टरांना नोंद बघावीच लागली नाही. "सकाळी आला होता. एक आजी होत्या. मीच घेतला. त्यांच्या ह्यांनी चहात साखर समजून घातली ती. डबीत काढून ठेवली होती, पाकीट कधीच टाकून दिलेलं." त्यांनी ओठ ओले केले. "मी सहा तास सांगितले, जपूनराव. त्या म्हणाल्या, मग मुलगा दुपारी गाडी घेऊन येईल तेव्हा नेते. मी म्हटलं, चालेल."

"किती वाजता?"

सिस्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. "दोन तास होत आलेत."

त्यांनी नोंद उघडली आणि नंबर फिरवला. पलीकडून रेकॉर्ड केलेला आवाज आला, हा क्रमांक अस्तित्वात नाही. पुन्हा फिरवला. पुन्हा तेच. फोन रुग्णालयाच्या मुख्य टेलिफोन बोर्डावरून वळून येत, त्यामुळे करणाऱ्याचा नंबर आपोआप दिसत नसे. तो सांगेल तोच टिपायचा. पत्ता त्यांनी विचारला नव्हता.

गडबड ऐकून मोठ्या बाई आतल्या खोलीतून आल्या. ऐकून घेतलं. "म्हातारं माणूस आहे, चुकीचा नंबर सांगितला असेल," त्या म्हणाल्या.

"नाही," सिस्टर म्हणाल्या. "मी परत वाचून दाखवला होता. त्या हो म्हणाल्या होत्या."

 हा नंबरसुद्धा त्याच मशीनमध्ये ठेवलेला होता. जपूनरावांनी त्याच विचाराचं टोक धरलं. त्यांनी कागद ओढला.

"बाई, बिघाड तोच असेल तर बदलही तसाच असणार. दोनाचा सहा होतो. शून्याचा चार होतो, एकाचा पाच, तिनाचा सात. उलटं होत नाही. म्हणजे या नंबरात जिथं चार, पाच, सहा, सात आहेत तिथंच शंका घ्यायची."

असे आकडे निघाले चार: एक चार, दोन पाच आणि एक सात. बिघडलेली जागा एकच, म्हणून आकडाही एकच बदललेला असणार, म्हणजे चार नंबर लावून बघायचे. त्यांनी ते लिहून काढले. मोठ्या बाईंनी ते सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहिले.

पहिला नंबर लागला. "कपडे उद्या मिळतील," एक लॉन्ड्रीवाला खेकसला, "काल पण सांगितलं." सिस्टरांनी माफी मागून ठेवला. दुसरा नंबर वाजत राहिला, कुणी उचलेना. तिसरा अस्तित्वात नव्हता. चौथ्यावर एका शाळेच्या कार्यालयातली बाई होती. तिथं कुणी आजी नव्हत्या.

"दुसरा," जपूनराव म्हणाले. "दुसराच असणार."

सिस्टरांनी पुन्हा लावला. घंटी जात राहिली, तुटली. पुन्हा लावला. बाजूच्या टेबलावर दुसरा फोन वाजायला लागला. तो मोठ्या बाईंनी घेतला आणि पडद्याकडे पाठ करून, मांडीवर पुस्तक उघडून उत्तर दिलं. जपूनराव भिंतीला टेकून उभे होते. आपण आयुष्यभर नको त्याच गोष्टीला भीत आलो, असं त्यांना वाटत होतं. मशीन बंद पडलं असतं तर सिस्टरांनी पुस्तक उघडलं असतं आणि दोन तास सांगितले असते. आजीचे हे आत्तापर्यंत वॉर्डात असते.

"हॅलो?" सिस्टर एकदम म्हणाल्या. "आजी? मी सकाळची, विष केंद्रातली... जरा मोठ्यानं बोलते. हो, हो. कुठं होता?"

आजी मागच्या अंगणात झाडांना पाणी घालत होत्या. कानानं कमी ऐकू येत होतं.

"तुमचे हे कसे आहेत, आजी?"

सिस्टरांनी फोन सगळ्यांना ऐकू येईल असा केला. पलीकडून बारीक आवाज आला. "बरे आहेत की. मघाशी जरा पाय जड झाले म्हणत होते. आता झोपलेत गाढ."

सिस्टरांचा आवाज जरासुद्धा हलला नाही. ते कसं जमलं, हे त्यांना स्वतःलाही नंतर सांगता आलं नाही. "आजी, त्यांना उठवा. आत्ताच्या आत्ता. फोन ठेवू नका, बाजूला ठेवा आणि त्यांना हाक मारा. आणि त्याआधी मला तुमचा पत्ता सांगा, मी गाडी पाठवते. नाही, मुलाची वाट बघायची नाही."

पत्ता आला. मोठ्या बाईंनी दुसऱ्या फोनवरून रुग्णवाहिका पाठवली. खोलीत सगळे त्या बाजूला ठेवलेल्या फोनमधून येणारे आवाज ऐकत राहिले. पावलं. दार. "अहो. अहो, उठा ना." मग शांतता. "अहो, असं काय करताय? उठा ना!"

जपूनरावांनी डोळे मिटले. कुणाच्याही घरात असाच आवाज येतो. त्यांच्याही घरात रोज सकाळी येतो.

मग कुठूनतरी लांबून, घोगरा, चिडका आवाज आला, "काय कटकट आहे ग?"

सिस्टर खुर्चीत मागे टेकल्या आणि रडायला लागल्या.

"आता ते मशीन बंद करा," मोठ्या बाई म्हणाल्या.

जपूनराव काचेच्या दाराआड गेले. मशीन मजेत चालू होतं, निळा दिवा लावून. बटणाला चुकून धक्का लागू नये म्हणून त्यावर जो पुठ्ठा चिकटवला होता, तो त्यांनी ओरबाडून काढला आणि बटण दाबलं. पंखा थांबला. ती शांतता त्यांनी पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं आणली होती.

आजोबा वाचले. पण आठवडाभर अतिदक्षता विभागात होते, आणि पायांतली ताकद पूर्ण परत आली नाही. पुढं ते काठी घेऊनच चालले. मोठ्या बाईंनी त्या घरच्यांना सगळं जसंच्या तसं सांगायचं ठरवलं आणि जपूनरावांना बरोबर नेलं. वॉर्डाबाहेरच्या बाकावर आजी बसल्या होत्या, मांडीवर आजोबांचा चष्मा. मोठ्या बाई बोलल्या. जपूनरावही बोलायचं ठरवून आले होते, पण त्यांनी मोठ्या बाईंनाच बोलू दिलं. आजींनी सगळं ऐकलं, दोनदा "काय?" म्हणून पुन्हा वदवून घेतलं. मग जपूनरावांकडे पाहिलं.

"मग आधीच नीट मशीन का नाही घेतलंत?"

 ते उभे राहिले, हात जोडले आणि तसेच उभे राहिले. शेवटी आजीच म्हणाल्या, "बसा, पडाल."

मेहुण्याच्या दुकानात ते दुसऱ्या दिवशी गेले, मशीन रिक्षात घालून. बायको हट्टानं बरोबर आली, कारण एक भाऊ आणि एक नवरा, दोघांपैकी कुणी काय बोलेल याची तिला धास्ती होती. मेहुण्यानं ऐकलं आणि तो तडकला. "भाऊजी, माझ्या मालाला नाव ठेवू नका! हजारो मशीनं चालतात अशा रॅमवर." जपूनराव वाद घालायला आलेच नव्हते. ते म्हणाले, "तपासून बघू. एवढंच."

तपासणी लावली. रॅमच्या प्रत्येक जागेत काहीतरी लिहायचं, परत वाचायचं, तेच आलं का बघायचं. तिघं स्टुलांवर बसून राहिले. बराच वेळ सगळं हिरवं होतं आणि मेहुण्याच्या चेहऱ्यावर रंग परत येत होता. मग एक लाल ओळ आली. पाठोपाठ दुसरी. दर वेळी तोच एक दिवा.

मेहुणा उठला, रॅमची पट्टी काढली, हातात धरून उलटीसुलटी केली. दिसायला काही नव्हतं. मग तो मागं वळून खोक्यांच्या रांगेकडे बघायला लागला, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"ताई," तो बहिणीला म्हणाला, "याच खोक्यातल्या पट्ट्या मी दातांच्या डॉक्टरला दिल्यात. औषधांच्या दुकानाला दिल्यात. आणि आणखी कुणाकुणाला."

त्याला भ्यालेलं जपूनरावांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. संध्याकाळपर्यंत दोघांनी बसून प्रत्येक गिऱ्हाइकाला फोन लावला. आणखी एक पट्टी खराब निघाली, सुदैवानं एका मुलाच्या खेळायच्या मशीनमध्ये. घरात जी फूट पडेल म्हणून बायको घाबरली होती ती पडली नाही. पण मेहुणा बरेच दिवस मोठ्यानं हसला नाही.

केंद्र पुस्तकांवर चालू राहिलं. जपूनराव, सिस्टर आणि मोठ्या बाई यांनी जुन्या बॅकअपशी ताडून एकूण एक फरक शोधला. आणखी दोन ठिकाणं बिघडलेली सापडली. एक कुणाच्या आडनावात, दुसरं अशा पदार्थाच्या पानात, ज्याबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. जीव भांड्यात पडायला हवा होता. पण जपूनराव रस्त्यानं जाताना दुकानांचे आकडे, बसचे नंबर वाचत आणि मनात म्हणत, हे तरी खरे कशावरून? बायको जेवायला वाढताना म्हणाली, "अहो, दोनच पोळ्या वाढल्यात. दोनच आहेत. बघा मोजून." ते हसले नाहीत. तिनंही पुन्हा चेष्टा केली नाही.

मग नव्या सर्व्हरचं ठरवायला बैठक झाली. विक्रेते एकेक करून येऊन गेले. जो तो वेग सांगत होता. एकानं तर हातवारे करून दाखवलं की याचं मशीन किती झपाट्यानं पळतं. जपूनराव सगळ्यांना एकच विचारत, "चुकलं, तर ते सांगतं का?" पहिला म्हणाला, "साहेब, चुकणारच नाही." दुसरा म्हणाला, "तशी वेळच येत नाही." प्रत्येक उत्तर ऐकून जपूनराव त्या नावापुढं फुली मारत, कारण मेहुणाही असंच म्हणाला होता, आणि तोही खोटं बोलला नव्हता.

तिसऱ्या कंपनीतून एक इंजिनिअर बाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "चुकतं. सगळीच मशीनं कधी ना कधी चुकतात. यातली रॅम प्रत्येक आकड्याबरोबर एक पडताळा ठेवते. ईसीसी म्हणतात तिला. एक दिवा बिघडला तर ती दुरुस्त करते आणि तुम्हाला कळवते. दोन बिघडले तर दुरुस्त करता येत नाही. मग हे मशीन चुकीचं उत्तर देण्याऐवजी थांबतं."

"थांबतं?" बैठकीतल्या एका अधिकाऱ्यानं भुवया उंचावल्या. "म्हणजे बंद पडतं? आणि यासाठी जास्त पैसे?"

जपूनरावांना बैठकीत बोलायची सवय नव्हती. तरी ते बोलले. "साहेब, थांबलं तर आम्ही पुस्तक काढू. उशीर होईल, पण खरं सांगू. मला एका आजींनी विचारलंय, आधीच नीट मशीन का नाही घेतलं. तेव्हा मला काही बोलता आलं नाही. पुन्हा कुणी विचारलं तर..."  मोठ्या बाईंनी त्यांच्यापुढं पाण्याचा पेला सरकवला आणि त्या म्हणाल्या, "हेच घ्यायचंय."

मशीन आलं. दोन हार्ड डिस्क, दोन्हींवर तीच माहिती. वीज आत घेणारे दोन वेगळे पुरवठे, म्हणजे एक गेला तर दुसरा ओढून नेईल. सगळं कागदावर छान होतं. पण जपूनरावांनी सांगितलं, कामाला लावण्याआधी मी ते मोडून बघणार.

सकाळी सगळे काचेच्या दाराशी जमले. सिस्टर पडद्यासमोर बसून एकामागून एक पानं उघडत होत्या. जपूनरावांनी चालू मशीनमधून एक डिस्क ओढून काढली. लाल दिवा लागला, मशीन चारदा ओरडलं, आणि पानं उघडतच राहिली. मग त्यांनी विजेची एक वायर धरली. हात पुढं होईना. आयुष्यभर ज्या वायरीला कुणाचा पाय लागू नये म्हणून ते राखण करत आले होते, ती आता ओढायची होती.

"मी ओढू का?" इंजिनिअर बाईंनी विचारलं.

"नको," जपूनराव म्हणाले आणि त्यांनी वायर ओढली.

मशीन थांबलं. पडदे काळे झाले.

 इंजिनिअर बाई खाली वाकल्या आणि बराच वेळ खालीच राहिल्या. वर आल्या तेव्हा त्याही घाबरलेल्या दिसत होत्या. "दुसरा पुरवठा मुळातच खराब आलाय," त्या म्हणाल्या. "नुसता दिवा लावत होता. ओझं पडल्यावर कोलमडला. तुम्ही ओढली नसती तर कधीच कळलं नसतं."

तो बदलून आला. जपूनरावांनी पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं, डिस्क काढली, एक वायर ओढली, ती लावून दुसरी ओढली. या वेळी पानं उघडत राहिली. प्रत्येक वेळी त्यांना भीती वाटली आणि प्रत्येक वेळी त्यांनी ओढली.

तो सर्व्हर बरीच वर्षं चालला. तीनदा त्यानं कळवलं की रॅममध्ये चूक सापडली आणि दुरुस्त केली. तिन्ही वेळा जपूनरावांनी त्याच दिवशी पट्टी बदलून घेतली. एकदा मशीन खरोखरच थांबलं. सिस्टरांनी न बोलता पुस्तक उघडलं आणि वाचून सांगितलं.

तरीही दर आठवड्याला ते पुस्तकातली काही पानं उघडत आणि पडद्याशी ताडून बघत, आकडा आकडा. निवृत्त व्हायच्या महिन्यात त्यांच्या जागी एक मुलगी आली. हुशार, चटपटीत. तिनं सगळं मशीन समजून घेतलं आणि विचारलं, "काका, हे आता स्वतःच चूक पकडतं. मग हे पुस्तकाशी ताडत बसायचं कशाला?"

"मला भीती वाटते म्हणून," जपूनराव म्हणाले.

ती हसली. मग त्यांचा चेहरा बघून थांबली. त्यांनी तिला खुर्ची ओढून दिली आणि आजींची सगळी गोष्ट सांगितली, कपडे धुणाऱ्याच्या फोनापासून आजोबांच्या चिडक्या आवाजापर्यंत.  

मग तिनं पुस्तक आपल्याकडे ओढलं, मधलंच एक पान उघडलं आणि म्हणाली, "काका, मी वाचते. तुम्ही पडद्यावर बघा."